सोजरबाईच्या गोळ्या

बहात्तरच्या दुष्काळात सोजरबाई आणि तिचा नवरा भिवा बीडकडून चिंचवडला आले. रेल्वेच्या पलीकडं पत्र्याची एक खोली मिळाली. भिवा फाउंड्रीत लागला. दुष्काळी कामावर खडी फोडलेले सोजरबाईचे हात आधी लोकांची भांडी घासत राहिले, मग विजेची बटणं बनवणाऱ्या एका कंपनीत पॅकिंगला बसले. नोकरी टेंपरवारी. काही महिने काम, मग ब्रेक, मग परत बोलावणं. तरी ती खूश होती. डोक्यावर छप्पर, हाताखाली टेबल, आणि शेजारी बडबडायला मंजुळाबाई.

सोजरबाईचं हसणं एवढं मोठं, की मशीन चालू असतानाही सुपरवायझरला ऐकू जायचं.

चाळिशी उलटली आणि तिची पाळी बिघडली. एकदा सुरू झाली की थांबायचं नावच घेईना. ती गडद रंगाची लुगडी नेसायला लागली, सारखं मुतारीला उठावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायला लागली. एक दिवस शिफ्टमध्येच तिला अंधारी आली आणि ती खोक्यांच्या थप्पीला टेकून खाली बसली. मंजुळाबाईनं सुट्टी झाल्या झाल्या तिचा हात धरला आणि तिला सरळ गावठाणातल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी खालची पापणी ओढून पाहिली, पोट तपासलं, कावीळ झाली होती का, कधी पाय सुजून दुखले होते का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "ही हार्मोनची गोळी आहे. हिनं रक्त थांबेल. सांगितल्यात तेवढ्याच घ्यायच्या, मनानं वाढवायच्या नाहीत, मध्येच सोडायच्या नाहीत. संपल्या की दोन-चार दिवसांनी पाळी येईल. ती यायलाच हवी, घाबरू नका. पोटरी सुजली, छातीत दुखलं, एकदम दम लागला तर गोळी बंद करून तशाच इकडं या."

"आन बरं वाटलं तर?"

"तरीही या. रक्त कशानं जातंय ते बघायला गर्भाची पिशवी आतून खरवडून तपासावी लागेल."

सोजरबाईनं सगळं ऐकलं. गोळ्या नेमानं घेतल्या, ब्रेकच्या दिवसांत तपासणीही करून घेतली. तेव्हा काही वावगं निघालं नाही. निघताना बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, "आता पाळी हळूहळू जाईल. पण एकदा पुरती गेल्यावर पुन्हा थेंबभर जरी दिसलं, तरी ती पाळी समजायची नाही. लगेच या."

पाळी गेली. सोजरबाईनं जुनी फडकी जाळून टाकली आणि मंजुळाबाईला म्हणाली, "सुटले बाई एकदाची." वर्ष गेलं, त्याच्यावरही काही महिने गेले. आणि मग कंपनीत बोलणं सुरू झालं, की जुन्या टेंपरवारी बायकांतल्या काहींना परमनंट करणार. ज्या खाडे करत नाहीत त्यांना.

त्याच सुमारास तिला परत डाग दिसला.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिच्या लक्षात नव्हतं असं नाही. पण बाईंकडं गेलं की तपासणी आली, तपासणी म्हणजे रजा आली. गोळ्यांचं रिकामं पाकीट डब्यात पडलं होतं. ते घेऊन ती स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात गेली.

"डॉक्टरची चिठ्ठी?" दुकानदारानं विचारलं.

"त्यांनीच दिल्यात की. ह्याच."

त्यानं पाकीट पाहिलं आणि गोळ्या दिल्या. चार-पाच दिवसांत रक्त थांबलं. पुढच्या महिन्यात सोजरबाई परमनंट झाली. तिनं अख्ख्या पॅकिंगला पेढे वाटले. भिवानं आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी न सांगता लुगडं आणलं.

गोळ्या बंद केल्या की रक्त परत यायचं. ती परत सुरू करायची. डोकं दुखायचं, तोंडाला चव नसायची, पण टेबलावरची जागा सुटायची नाही. एकदा मुतारीत मंजुळाबाईनं तिच्या लुगड्यावरचा डाग पाहिला.

"सोजरे, हे काय? तू बाईंकडं गेलीस का न्हाई?"

"परमनंट होऊन दोन घटका झाल्या न्हाईत, आन रजा मागू? लोक काय म्हनतील?"

"लोकांचं मरू दे."

"अगं त्यांचीच दवा खातीया मी. येगळं काय सांगनार त्या?"

पावसाळा गेला, दिवाळी गेली. आता गोळी चालू असतानाही रक्त यायला लागलं, आणि त्याला वास यायला लागला. ओटीपोटात, कमरेत ठणका बसला. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एका सकाळी तिला उठताच येईना, तेव्हा भिवानं फाउंड्रीत खाडा केला आणि तिला रिक्षात घालून नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं कळलं, पिशवीचा कॅन्सर, आणि तो पिशवीच्या बाहेर पसरला होता. ऑपरेशनचा उपयोग नव्हता.

"ह्या गोळ्यांनीच झालं का?" भिवानं बाईंना विचारलं.

"नाही. गोळीनं रोग दिला नाही. पण गोळीनं रक्त दाबून धरलं, म्हणून रोग दिसला नाही."

सोजरबाई पडल्या पडल्या ऐकत होती. "तवाच आले असते तर?"

बाईंना खोटं सांगता आलं असतं. त्या म्हणाल्या, "तर पिशवी काढून टाकली असती. बहुतेक तुम्ही वाचला असतात."

सोजरबाईनं भिंतीकडं तोंड केलं.

पुण्याला कॅन्सरवरचे विजेचे शेक झाले. त्यानं रक्त थोडं कमी झालं, ठणका नाही. पॅकिंगच्या टेबलावर दुसरी बाई बसली. शेवटी लग्न झालेली लेक कस्तुरा तिला कुरुळीला आपल्या घरी घेऊन गेली. भिवा रविवारी जायचा, उशाशी बसायचा. तीच म्हणायची, "जेवलात का? कोन घालतंय?" ऐंशी सालच्या उन्हाळ्यात, भरदुपारी, कस्तुरा पाणी पाजत असताना ती गेली. बुद्धविहारातल्या बायका वंदनेला आल्या. मंजुळाबाई दाराशीच उभी राहिली, आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्या औषधांच्या दुकानावर जाऊन भांडली. दुकानदार म्हणाला, "मी नाही दिल्या तर पलीकडचा देतो, मावशी." तेवढ्यात एक बाई आली. घरात पूजा होती, पाळी पुढं ढकलायची होती. तिनं गोळीचं नाव सांगितलं, त्यानं मागच्या फळीवरून तसलंच पाकीट काढलं. मंजुळाबाईनं तिला थांबवून सोजरबाईचं सगळं सांगितलं. बाईनं शेवटपर्यंत ऐकलं, "अरेरे" म्हणाली, आणि पाकीट पदराला बांधून निघून गेली.