तिसऱ्या धड्यातला आवाज

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोनेक वर्षं नुसते वाचतो आहे. खरं सांगतो, निम्मे वाचून हसलोही आहे. आयुष्यभर गणित शिकवलं, शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा तेही शिकून शिकवले. त्यात आम्ही ख्रिस्ती. भूतखेत, बाहेरचं, झपाटणं असले शब्द घरात कुणी काढायचे नाहीत. बायको होती तेव्हा कुणी ‘अंगात आलं’ एवढं जरी म्हणालं, तरी ती त्याला चहा न विचारता वाटेला लावायची.

माझं वय एकोणऐंशी. नाव दानियल. आडनाव लिहीत नाही, नगरमधले ओळखणारे ओळखतीलच. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण जिभेला वळण नगरचंच.) सावेडीला दोन खोल्यांत एकटा राहतो. घडलं ते गेल्या मे महिन्यात, दुपारी साडेतीनच्या सुमारास, लख्ख उजेडात. खोलीत माझ्याशिवाय आणखी दोन माणसं होती. पण आधी बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचं सांगावं लागेल. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसलो आहे... अनुभव हे निमित्त.

तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या मंडळीतर्फे, म्हणजे चर्चतर्फे, गावोगावी मुलांची शास्त्रशाळा, बायबलचे वर्ग, भरायचे. मी शिक्षण समितीवर होतो. शाळांमधून नुकतेच कॉम्प्युटर आले होते, म्हणून मी मुलांसाठी मराठीत एक गेम तयार केला. शास्त्रातल्या गोष्टी, चित्रं, प्रश्न. बरोबर उत्तर दिलं की पुढचा धडा उघडायचा. पहिले दोन धडे नुसते चित्रांचे. तिसऱ्यापासून आवाज.

आवाज यशवंताचा. यशवंत माझा लहानपणापासूनचा मित्र, एसटीत कंडक्टर, नगर–पारनेर गाडीवर. रविवारी मंडळीत गीतं तोच उचलायचा. गाडीत ‘पुढे सरका’ म्हणायचा तेही सुरात, आणि लोक खरंच सरकायचे. रेकॉर्डिंग माझ्या घरी झालं. पंखा बंद, खिडकीला गोधड्या. शेजारी पिठाची गिरणी होती, ती सुरू झाली की आम्ही थांबायचो. दर वेळी सुरुवात करण्याआधी तो माईकवर टिचकी मारून विचारायचा, “दान्या, येतंय का रे ऐकायला?” मी हेडफोन लावून मान हलवायचो. मगच तो बोलायचा.

तिसरा धडा होता आंधळ्या म्हाताऱ्या बापाचा. धाकटा मुलगा थोरल्याचे कपडे घालून येतो आणि बापाला फसवून त्याचा आशीर्वाद घेऊन जातो. यशवंताने बापाचा आवाज असा काढला होता की गोधडीआड माझ्या अंगावर काटा आला. “कोण आलंय? जवळ ये बाळा, मला दिसत नाही.”

सीड्या काढून गावोगावी पाठवल्या आणि आठवड्याभरात तक्रारी आल्या. पारनेर, काष्टी, जामखेडकडची दोन गावं... सगळीकडे गेम तिसऱ्या धड्याला अडकत होता. मुलं माऊस आपटत होती, बापाचं चित्र नुसतं समोर. मी स्वतः काष्टीला गेलो. दहा मिनिटांत कळलं. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर सीडी ड्राइव्हचं अक्षर D होतं. मी प्रोग्रॅममध्ये तेच कायमचं लिहून टाकलं होतं. शाळांच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र हार्ड डिस्कचे दोन भाग केलेले, त्यामुळे सीडी E वर. गेम आवाज शोधायला D वर जायचा, तिथे काही नसायचं, आणि तो तिथेच उभा राहायचा. बस, एवढंच. एका अक्षराची चूक. माझी.

परतीच्या गाडीत ठरवलं होतं की बैठकीत सांगून टाकायचं.

बैठकीला यशवंतही होता. खर्च बराच झाला होता, बाहेरगावचे पाहुणे आले होते, आणि पुढच्या महिन्यात मला समितीचा प्रमुख करायचं घाटत होतं. चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, “सर, दोष नक्की कशात आहे?” माझ्या तोंडून निघालं, “रेकॉर्डिंगमध्ये.”

एक जण म्हणाला, “कंडक्टरचा आवाज तो! माणसांना म्हणतो पुढे सरका, आणि गेमला धरून ठेवतो.” सगळे हसले. मीही हसलो. यशवंताने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “दान्या, तू म्हणतोस तर असेल.”

पुण्याच्या एका बाईंकडून सगळं पुन्हा रेकॉर्ड करून घेतलं. त्याच वेळी मी ते अक्षर गुपचूप दुरुस्त केलं. गेम सुरळीत चालला. म्हणजे आवाजच खराब होता हे सगळ्यांना पटलं. पहिल्या सीड्या निळ्या अक्षरांच्या होत्या. त्या परत मागवल्या आणि माझ्या हाताने स्क्रू-ड्रायव्हरने एकेक ओरबाडली. कॉम्प्युटरमधलं रेकॉर्डिंगही पुसलं.

त्यानंतर मंडळीतली पोरं यशवंताला “अंकल, सीडी अटकली का?” म्हणून चिडवायची. तो हसायचा. पण शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागला. हातात गीतांचं पुस्तक उघडं, तोंड बंद. एकदा स्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, “दान्या, आवाजाला नेमकं काय झालं होतं रे? कळलं तर सुधारता येईल.” मी म्हणालो, “फ्रिक्वेन्सीचा प्रॉब्लेम होता.” या वाक्याला काही अर्थ नाही. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितल्यासारखी त्याने मान हलवली. चार वर्षांपूर्वी तो हार्टने गेला.

आता गेल्या मे महिन्याचं.

यशवंताची मुलगी ग्लोरी पुण्याला नर्स आहे. सुट्टीला आली तेव्हा माझ्याकडे आली, पर्समधून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली. “सलाम काका. पप्पांच्या ट्रंकेत सापडली. माझ्या लॅपटॉपला सीडीची सोयच नाही. तुम्ही चालवून द्याल? मम्मीला पप्पांचा आवाज ऐकायचाय.”

“मोबाईलमध्ये असेल की काही.”

“काही नाही. व्हिडिओ काढायला लागलं की पप्पा हात हलवायचे, बोलायचेच नाहीत.” मग म्हणाली, “मम्मीला आता अजिबात दिसत नाही काका. काचबिंदू. फोटोंचा तिला काय उपयोग?”

सीडीवरची अक्षरं हिरवी होती. म्हणजे दुसरी. पुण्याच्या बाईंची. यशवंताने ती का जपून ठेवली होती, देव जाणे. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग ती विचारणार, पहिली कुठाय? मी म्हणालो, “बघतो. जुना गेम आहे, नव्या मशीनवर चालेलच असं नाही.” मनात ठरलं होतं... चार दिवस ठेवायची आणि ‘चालत नाही’ म्हणून परत द्यायची.

पण सवय वाईट. मशीन समोर आलं की हात स्वस्थ बसत नाहीत. माझ्याकडे भंगारातून घेतलेला एक जुना कॉम्प्युटर आहे, गेम तयार झाला त्याच्या कितीतरी नंतरचा. त्याची हार्ड डिस्क मी सगळी पुसून विंडोज नव्याने टाकलं. गेम सुरूच होईना, त्याला आणखी जुन्या विंडोजचा भास निर्माण करून दिला. रंग कमी केले, पडदा लहान केला. मराठी अक्षरांचा चिवडा दिसत होता, जुना फॉन्ट शोधून टाकला. पहिले दोन धडे चालले. तिसऱ्याला अडकला. चित्र होतं, आवाज नाही. मी तीन दिवस झटलो, पण गेम पुढे जाईना. मला बरंच वाटलं. आता खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

चौथ्या दिवशी ग्लोरी आईलाच घेऊन आली. शांतावहिनी काष्टीकडच्या, बोलणं अजून गावचं. दारातच म्हणाल्या, “सलाम भावजी. तुमच्या पायाचा आवाज वळखला मी. चप्पल घासत चालता अजून.”

मी सांगितलं, “वहिनी, तिसऱ्या धड्याला अडकतोय. आवाज येत नाही.”

“अडकू द्या. जितवर चालतोय तितवर लावा. मी बसते.”

लावला. पहिला धडा, दुसरा धडा. ग्लोरी आईला चित्रं सांगत होती. तिसरा उघडला, आंधळ्या बापाचं चित्र आलं आणि गेम थांबला. मी म्हणालो, “बघा, इथंच...”

तेवढ्यात स्पीकरमधून टिचकीचा आवाज आला. माईकवर नख मारल्याचा.

“कोण आलंय? जवळ ये बाळा, मला दिसत नाही.”

यशवंत. त्याच्या आवाजामागे पिठाची गिरणी घरघरत होती. त्या पहिल्या सीडीवरही कुठल्याच आवाजामागे गिरणी नव्हती. असले सगळे तुकडे मी तेव्हाच कापून टाकले होते. आणि माझ्या आताच्या घराशेजारी गिरणी नाही. मग तो हसला, त्याचं ते घशातलं हसू, आणि म्हणाला, “दान्या, येतंय का रे ऐकायला?”

मी माऊसवर हात ठेवून बसलो होतो. ग्लोरी तोंडावर ओढणी धरून रडत होती. वहिनी रडल्या नाहीत. मान थोडी कलती करून ऐकत राहिल्या. आवाज थांबला. मग म्हणाल्या, “आवाज तर निर्मळ हाय की, भावजी.”

मी माऊस बाजूला सरकवला.

“न्हाई, मंग त्या वक्ताला खराब हाय म्हनून का सांगितलंत?”

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. कितीतरी उत्तरं रचून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना, म्हणून जे होतं ते सांगितलं. D, E, काष्टी, परतीची गाडी, बैठक, स्क्रू-ड्रायव्हर. आणि ही सीडी पाहताक्षणी मला कळलं होतं की तिच्यात यशवंत नाही, हेही.

ग्लोरी उठून उभी राहिली. “पप्पा आम्हाला सांगायचे, दान्या सांगतो म्हणजे खरंच असणार, तो माझ्याशी खोटं बोलणार नाही. काका, आमच्यातलं कुणी तुमच्याविरुद्ध बोललं तर पप्पा जेवणावरून उठायचे.”

वहिनी म्हणाल्या, “न्हाताना गानं म्हनायचे. सगळ्या आळीला ऐकू जायचं. त्या बैठकीपासनं मोरीतनं निस्तं पान्याचा आवाज.” मग माझ्या दिशेला तोंड करून, “परत लावा.”

लावला. तिसरा धडा या वेळी अडकला नाही. पुण्याच्या बाईंचा स्वच्छ, गोड आवाज आला.

“ही बाई कोन?” वहिनींनी विचारलं. मी सांगितलं. त्या उठल्या. “चल ग्लोरे.” सीडी तिथेच राहिली.

त्यानंतर मी सगळं तपासलं आहे. सीडीवरचा प्रत्येक आवाज वेगळा उघडून ऐकला, सगळे बाईंचे. हार्ड डिस्क मी नुकतीच पुसलेली. इंटरनेट त्या मशीनला नाही. पुन्हा साठ-सत्तर वेळा गेम चालवला असेल. एकदाही अडकला नाही, एकदाही तो आवाज आला नाही. मनाचे खेळ म्हणावेत, तर तिघांनी तेच शब्द ऐकले. ग्लोरीला गिरणीचा आवाज आठवतो, आणि गिरणीचं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. इथे कुणाकडे असेल तर लिहा, मी वाचेन. पण आता त्याची मला तितकीशी गरज नाही.

पुढच्या रविवारी मी नव्या पाळकसाहेबांना भेटलो, म्हणालो, मला मंडळीपुढे उभं राहून काही कबूल करायचंय. ते तरुण आहेत. म्हणाले, “सर, जुन्या गोष्टी कशाला उकरता? तेव्हाचं समितीवरचं कोणी राहिलंही नाही.” म्हणून इथे लिहितो. यशवंताच्या आवाजात दोष नव्हता. एकाही शब्दात नव्हता. गेम माझ्या चुकीने अडकत होता, हे मला बैठकीआधी माहीत होतं, आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो. मंडळीतलं कुणी हे वाचत असेल, तर ज्यांनी त्याला चिडवलं त्यांना सांगावं. ती पोरं आता चाळिशीकडे आली असतील.

मी अजून मंडळीत जातो. शांतावहिनी दुसऱ्या ओळीत कडेला बसतात. जवळून जाताना मी हळूच म्हणतो, “सलाम वहिनी.” त्यांना दिसत नाही, पण ऐकू नीट येतं. माझा आवाज त्या लगेच ओळखतात, आणि तोंड भिंतीकडे वळवतात.