हेमावती आत्याने गयेत काय सोडलं

कल्पना करा, तुम्ही गयेला श्राद्धासाठी बसला आहात आणि गुरुजी विचारतात, "जन्मभरासाठी कोणती भाजी सोडता?" भाजी आवडीचीच हवी, असा रिवाज आहे. काय सांगाल?

चेन्नईतल्या आमच्या वेस्ट मांबलमचे बहुतेक लोक पडवळ सोडून येतात. माझ्या हेमावती आत्याने कारलं सोडलं. तिच्या नवऱ्याचं श्राद्ध तिचा मुलगा वेंकट करत होता, मी सामान सांभाळायला गेलो होतो.

"आत्या, तू कारलं खाल्लंयस कधी?"

"म्हणून तर सोडलं. गप बस रे!"

तिला खरी आवड होती ती सांबाराची शेवटची चव घेण्याची. आम्हा तंजावरच्या मराठ्यांकडे लग्न असलं की आचारीसुद्धा डाव घेऊन तिच्याकडे येतो. घरात मात्र त्या चवीपायी सून तुटत चालली होती. भव्या अड्यारच्या ऑफिसात मोठी टीम सांभाळते, पण घरी तिच्या पातेल्यात आत्याने मीठ टाकल्याशिवाय गॅस बंद होत नसे. शेवटी भव्या वेंकटला म्हणाली, "वेगळं राहू." आत्याने ते ऐकलं होतं.

गयेहून आम्ही बोधगयेला गेलो. "आलोच आहोत तर बघू," आत्या म्हणाली. संध्याकाळ होत आली होती. बोधिवृक्षाजवळ एक म्हातारी भिक्षुणी पितळी वाट्यांतलं पाणी ओतून टाकत होती. सकाळी वाट्या काठोकाठ भरून अर्पण करायच्या, संध्याकाळी रिकाम्या करायच्या. तिने हसून एक फडकं आत्यासमोर धरलं. आत्या खाली बसली आणि वाट्या पुसू लागली. भिक्षुणी त्या घेऊन पालथ्या रचत गेली.

परतताना आत्या रिक्षात पदराला हात पुसत होती. मग एकदम म्हणाली, "मी पुसलेली एकही वाटी तिने तपासली नाही रे. मला ओळखत नव्हती, तरी."

चेन्नईला आल्यावर पहिल्या रविवारी भव्याने सांबार केलं आणि सवयीने चमचा पुढे केला, "अम्मा, चव."

"ते मी सोडून आले."

"वेंकट तर म्हणाला, कारलं सोडलं!"

"कारलं गयेला सोडलं. हे बोधगयेला."

भव्याने स्वतः चव घेतली आणि गॅस बंद केला. वेगळ्या घराचा विषय त्यानंतर निघालेला नाही. आत्याची चव वाखाणणारे खूप आहेत. मला मात्र तिचा अभिमान वाटतो तो या न उचललेल्या चमच्यासाठी.

सोपं नाही ते. परवा मी त्यांच्याकडे जेवायला होतो, तेव्हा सांबार चक्क अळणी होतं. आत्याने मुकाट्याने पान संपवलं आणि बाल्कनीत येऊन माझा दंड धरला.

"तू शिकलेला ना, सांग. बुद्ध राजवाडा सोडून गेला, बरं केलं. पण पुढे एकदा घरी परत आला होता म्हणतात. त्या दिवशी जेवणात मीठ कमी असतं, तर तो काय बोलला असता?"