क्रोचिफिसाच्या नातवांचे दोन धर्मबाप

आमच्या सिसिलियन वस्तीतल्या टेलर स्ट्रीटवर तेव्हा एक कुजबुज होती: क्रोचिफिसाने बाप्तिस्म्याच्या वाईनमध्ये मेलेल्या माणसाच्या हाडांची राख कालवली, म्हणून दारूच्या टोळ्यांचे दोन म्होरके, आमचा डॉन तानो आणि तो आयरिश क्रेहन, एकमेकांच्या गळ्यात पडले. ही कुजबुज पसरवण्यात माझ्या बायकोचा वाटा मोठा. राख किती बारीक चाळली, हेसुद्धा ती सांगायची.

क्रोचिफिसा आमच्या समोर राहायची. विधवा, ठेंगणी, आवाज मात्र चर्चच्या घंटेसारखा. दारूबंदी आल्यापासून आमच्या गल्लीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तानोसाठी चोरट्या दारूची भट्टी लागलेली. तिच्या चुलीवर रश्श्यालाही जागा उरली नव्हती. डबे भरले की तिचा जावई गास्पारे ते ट्रकवर चढवायचा. गास्पारे देखणा होता. बाकी सगळ्यात देवाने हात आखडला. त्याने तानोचे डबे गुपचूप नदीपलीकडच्या क्रेहनला विकले, वर त्यात पाणी घातलं. एरवी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या त्या दोन टोळ्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं: गास्पारेला उडवायचा.

त्याच आठवड्यात क्रोचिफिसाच्या मुलीला जुळे झाले. क्रोचिफिसा काळी शाल घेऊन थेट माझ्या दुकानात आली. मी तानोची दाढी करत होतो.

"डॉन तानो, थोरल्याचे धर्मबाप व्हा."

"मावशी, त्याच्या बापाचं काय करायचं ते मी ठरवलंय."

"ठरवा की. मग क्रेहन होईल. तो तर मागेच लागलाय. सिसिलीचं पोर बाप्तिस्म्याला आयरिश माणसाने हातात धरलं, तानोला कुणी विचारलंसुद्धा नाही, असं म्हणेल गल्ली."

माझा वस्तरा हवेतच थांबला. तानो तोंडाला फेस तसाच ठेवून ओरडला, "रविवारी किती वाजता?"

क्रेहनकडे तिने दुभाषा म्हणून मलाच ओढत नेलं. तो हसला. "म्हातारे, तुझ्या जावयाने मला पाणी विकलं!"

"मग आणखी थोडं पाणी, बाप्तिस्म्याचं. तानो दोन्ही पोरं मागतोय. तू घाबरलास, असं सांगू त्याला?"

मी भाषांतर जरा मऊ करायला गेलो, तर माझ्या पोटरीवर लाथ बसली.

"धाकटा माझा," क्रेहन म्हणाला.

त्याला वाटलं, पोर धरायचं, चांदीचा चमचा द्यायचा, घरी जायचं. आमच्यात तसं नसतं. धर्मबाप हा पोराच्या बापाचा कोंपारे होतो, सख्ख्या भावाहून जवळचा. कोंपारेवर हात उचलणाऱ्याच्या घरी कुणी पाणीही पीत नाही. रविवारी चर्चच्या पायरीवर गास्पारेने दोघांना मिठी मारून 'कोंपारे, कोंपारे' केलं, आणि तिघे एकाच पेल्यातून प्यायले. खिडक्याखिडक्यांतून बायका बघत होत्या. भट्ट्या त्यांच्याच चुलींवर होत्या.

"म्हणजे आता ह्या गाढवाला मारायचं नाही?" क्रेहनने विचारलं.

"मार की," तानो म्हणाला. "मग या गल्लीतून एक थेंब मिळणार नाही. तुलाही आणि मलाही."

दोघं जेवायला बसले. शेवया संपेपर्यंत नदीचे दोन्ही काठ वाटून झाले होते. गास्पारे पुढे म्हातारा होऊन, खोकत, स्वतःच्या पलंगावर मेला.

वाईनमध्ये राख नव्हती. तानो काय किंवा क्रेहन काय, आधी कुणीच तिच्याकडे पोर मागितलं नव्हतं. मुलीचा नवरा जिवंत राहावा म्हणून ती दोघांशी खोटं बोलली.