राबाचा धूर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही — आणि तरी ऐकून घ्याल असं वाटतं.

मी विमान चालवतो. कॅप्टन आहे, खांद्यावर चार पट्ट्या. गाव विचारलं की ‘ठाणे’ म्हणतो. तसं खोटं नाही म्हणा — मुरबाडही ठाणे जिल्ह्यातच. पण ऐकणाऱ्याला शहर वाटतं, आणि मी तसं वाटू देतो. तीस वर्षं वाटू दिलं.

तीन वर्षांपूर्वी मी कंपनीच्या वैमानिक निवड समितीवर होतो. आमचं रडगाणं एकच — अनुभवी माणूस मिळत नाही. जुनेजाणते परदेशी कंपन्यांनी उचलले. पूर्वी हजारो तास उडालेले लोक रांगेत असायचे. आता जेमतेम दोनशे तासांची मुलं. म्हणून ठरलं, तास कमी चालतील, समज बघायची. फक्त थाप मारणारा नको. उत्तर रचून सांगितलं की बाद — हा नियम मीच हट्टानं घालायला लावला होता.

आमच्या मुरबाडशेजारच्या डोळखांबकडची एक मुलगी आली. बावीस वर्षांची. समितीतल्या माझ्या दोन सहकाऱ्यांपैकी एकानं विचारलं, रेडिओ बंद आहे, धावपट्टीवरची वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी फाटली आहे, वारा कसा ओळखशील? ती म्हणाली, प्रशिक्षणात हे माझ्यावर आलं होतं. खाली शेतात राब भाजत होते. धूर कुठं कलतोय ते पाहिलं आणि वाऱ्याला तोंड देऊन उतरले.

काय सांगू — अंगावर काटा आला माझ्या. राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजायची. आई म्हणायची, “आधी वारा बघ रे, मंग काडी लाव.” कारण आग वाऱ्याच्या उलट चालली, तरच जमीन सावकाश भाजते. विमानही वाऱ्याच्या उलटच उतरतं! या दोन गोष्टी माझ्या डोक्यात तीस वर्षं शेजारी राहिल्या आणि एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. या पोरीनं आभाळात एकटी असताना त्यांची गाठ घालून दिली. मी थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिलो. आम्ही ज्या अनुभवासाठी रडत होतो, तो समोर खुर्चीत बसला होता की नाही?

दोघेही सहकारी परप्रांतातले. राब? हे काय असतं? — त्यांनी मलाच विचारलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं. टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव होतं. आमच्याकडं त्यावरून गाव कळतं. हलकेच म्हणाली, “सर, तुमाला तं माहीत असंल.”

माहीत होतं. माझ्या डाव्या पोटरीवर राबात भाजल्याचा डाग आहे अजून.

मी म्हणालो, असलं काही मी ऐकलेलं नाही.

तिनं कागद गोळा केले, ‘थँक यू सर’ म्हणाली आणि गेली. नंतर सहकाऱ्यानं विचारलं, मग रचून सांगितलं म्हणायचं? मी — मान हलवली. होकारार्थी. तसा शेरा लिहिला गेला आणि आमच्या कंपनीचं दार तिला कायमचं बंद झालं. खोटं त्या खोलीत एकच जण बोलला होता.

कसली भीती होती मला? ‘आमच्याकडे भाजतात’ — एवढंच तर म्हणायचं होतं. ती आता कुठं आहे, उडते की नाही, मला ठाऊक नाही. मी शोधलंही नाही.

परवा, मे महिन्यात, मुंबईला उतरत होतो. शहापूरच्या अलीकडे खाली राब पेटलेले, धूर सगळा पूर्वेला कललेला. टॉवरनं सांगायच्या आधीच मी कोपायलटला वारा सांगितला. तसाच निघाला. तो चाटच पडला. कसं ओळखलंत, सर?

“अनुभव,” मी म्हणालो.