तारखेची रिकामी जागा

कचेरीच्या जिन्याखाली नोटरीसाहेबांचं टेबल आणि त्याला चिकटून टकटकबाईंचं. एकोणतीस वर्षं बाई कागद टाइप करायच्या, साहेब शिक्का मारायचे. आधी घसा खाकरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग ठरलेलं पालुपद, "माणूस कुठंय? माणूस समोर, तरच शिक्का!" कुणी म्हणालं, आई अंथरुणाला खिळलीय, तर साहेब शिक्क्याची पेटी उचलून थेट तिच्या उशाशी.

बाईंना स्वतः नोटरी व्हायचं होतं. वय साठीच्या आत, परीक्षेचा दाखला, परत न मिळणारी फी आणि दहा वर्षं ओळखणाऱ्या नोटरीची शिफारस, तीही अर्जाच्या दिवशी महिन्याच्या आतली, असे नियम. बाई तिसऱ्या खेपेला पास झाल्या.

"झालीस एकदाची!" साहेब खूश. "आता माझ्या खुर्चीवर डोळा का गं?"

"खुर्ची राहू द्या, तिचा एक पाय लंगडाय. आधी शिफारशीवर सही करा."

सही करताना साहेब अडले. "तारीख?"

"दाखला हातात आला की टाकते. नाहीतर महिना उलटून सही शिळी व्हायची."

"कोरी तारीख? आणि माझ्याकडून?" साहेबांनी इकडेतिकडे बघत चोरासारखी सही ठोकली. "फक्त तुझ्यासाठी हं. कुठे बोललीस तर बघ!"

दाखला यायला तीन महिने लागले. तेवढ्यात साहेबांना पक्षाघाताचा झटका आला. पाच आठवडे ते नळ्यांमध्ये पडून होते. बाई रोज जाऊन त्यांची बोटं चोळायच्या. आखडलेल्या बोटांत चमचा ठरत नव्हता. सोमवारी साहेब गेले.

शुक्रवारी बाई अर्ज घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. साठी भरायला नऊ दिवस होते. फी भरून झाली. कारकून शब्द ताणत म्हणाला, "ता-री-ख राहिली की, मावशी."

"ते गेले हो. सोमवारी."

"मग रविवारची टाका! रविवारी होते ना? झालं तर!" त्याने पेन सरकवलं. "कोण बघतंय?"

"आटपा हो, बाई," मागून कुणीतरी करवादलं.

रविवारी बाईंनी साहेबांची मूठ सोडवायचा प्रयत्न केला होता. ती सुटली नव्हती; त्या बोटांनी सही कुठली! बाईंनी पेन उचललं आणि सही झाली त्याच दिवसाची तारीख घातली, तीन महिन्यांपूर्वीची.

"अहो, काय केलंत हे! अर्ज बाद होणार. फी पण बुडाली."

"ठाऊक आहे. हे नियम मीच टाइप करत आलेय."

कारकुनाने या वेळी शब्द ताणले नाहीत. "हट्ट कशाला, मावशी? ते काही आता बघायला येत नाहीत."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "माणूस समोर कुठंय?" मागचा माणूस खिडकीशी सरकला.