नऊ किलो

धुळ्यात हाडाच्या दवाखान्यात पायाच्या व्यायामाला जायचो, तेव्हा पारोळ्याकडची एक अक्का दर मंगळवारी शेजारी बसलेली असायची. खुब्याचं हाड मोडलेलं. बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या, त्या ती पुन्हा मनगटाशी आणून ठेवायची.

एकदा काट्यावर तिचं वजन नऊ किलोनं कमी भरलं. व्यायाम घेणाऱ्या मॅडम खूश! माझं तसूभर हलत नव्हतं, म्हणून विचारलं, "अक्का, खाता तरी काय?"

"बठ्ठासनं जेवन व्हयनं का मंग मी बसस, भाऊ. मी रांधू तव्हा मनापुरतं उरे. आते सून रांधस, उरतच नही."

तीन महिने मोडकं हाड घेऊन ही बाई सगळ्यांचं आटपायची वाट बघते, आणि घरात एकालाही पातेल्यात डोकवावंसं वाटत नाही! माझं डोकंच फिरलं. मॅडमना सांगायला वळलो, तोवर त्यांनी तिच्या कार्डावर लिहूनही टाकलं होतं: 'उत्तम. आहार असाच ठेवा.'