हेडाने घासलेला दगड

आन्सगार ल्यूर्स मुळातच धास्तावलेला माणूस. घराबाहेर पडताना शेगडी बंद आहे ना हे तो तीनदा बघायचा, कुलूप लावायचा, जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत जायचा आणि चौथ्यांदा बघायला परत यायचा. ओल्डेनबुर्गमधल्या दातांच्या एका लॅबमध्ये तो बत्तीस वर्षं चिनीमातीचे दात घडवत होता. हात दगडासारखा स्थिर, पण दात तोंडात नीट बसल्याचा निरोप दवाखान्यातून येईपर्यंत त्याला जेवण गोड लागायचं नाही. बायको हेडा त्याच्या अगदी उलट. बेकरीच्या काउंटरवर उभी राहून पहाटे साडेपाचपासून गिऱ्हाइकांची फिरकी घेणारी.

अशा माणसाने समुद्राच्या पाण्याची टाकी घरात आणावी हेच नवल होतं. पन्नाशीला लॅबमधल्यांनी त्याला साठ लिटरची काचेची टाकी भेट दिली. त्याने दुकानातून प्रवाळ आणले, दोन मासे आणले, आणि सहा आठवड्यांत सगळं मेलं. पाणी उडून कमी झालं की तो प्रेमाने मिठाचं पाणी ओतत होता. एका सकाळी प्रवाळ पांढरेफटक पडलेले दिसले आणि तो लॅबला न जाता टाकीसमोर बसून राहिला.

शेवटी गेरोल्ड भेटला. गेरोल्ड म्हणजे जहाजावरचा निवृत्त वायरमन. टाकीवाल्यांचं एक मंडळ होतं, महिन्याच्या एका शनिवारी भरणारं, आणि त्यातला हा सगळ्यात जुना माणूस.

"अरे, पाणी उडतं, मीठ कुठे उडतं?" गेरोल्ड म्हणाला. "रोज थोडंथोडं मीठ वाढवत गेलास तू. त्यांना लोणच्यात घातलंस."

"मग काय ओतायचं?"

"गाळलेलं गोडं पाणी. रोज, मापाने. आणि एक लक्षात ठेव, इथे घाईने काहीही चांगलं होत नाही. बिघडतं मात्र घाईनेच."

दुसऱ्या खेपेला आन्सगारने घाई केली नाही. आधी टाकी सपाट, भक्कम कपाटावर बसवली. पाणी फिरवणारा पंप, फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र, वेळेवर लागणारा-विझणारा निळसर दिवा, सगळं जोडलं. वायरींना खाली झोळ दिला, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोचू नये. मग समुद्रातले सच्छिद्र दगड रचले आणि तीन महिने नुसतं पाणी तपासत बसला. ना मासा, ना प्रवाळ.

"मी बटाटे उकडते ते पाणीपण खारटच असतं," हेडा म्हणायची. "ते बघत बस. निदान जेवायला तरी मिळेल."

पण टाकीने जीव धरला. आधी गोगलगाई आल्या, मग नारिंगी माशांची जोडी, मग एकेक प्रवाळ. हजार भागांत पस्तीस भाग मीठ, पंचवीस अंश उष्णता, दर रविवारी दहावा हिस्सा पाणी बदलायचं. दोन वर्षांत एक हिरवा प्रवाळ तळहाताएवढा झाला आणि गळक्या नळाच्या आवाजानेही दचकणारा आन्सगार त्या टाकीपुढे शांत बसायला लागला. हेडाला ते दिसत होतं. म्हणून ती टाकीला नावं ठेवायची, पण टाकीच्या विरोधात कधी गेली नाही.

मग बटणं आली. मंडळातल्या कुणीतरी दिलेल्या एका दगडाच्या तुकड्याबरोबर ती आली होती. तपकिरी, कोटाच्या बटणाएवढी, कडेला बारीक झालर असलेली, फुलांसारखी दिसणारी प्रवाळाचीच एक जात. सुरुवातीला देखणी वाटली. वर्षभरात त्यांनी एक अख्खा दगड व्यापला आणि हिरव्या प्रवाळाच्या बुडाशी जाऊन भिडली.

त्याने गेरोल्डला विचारलं. गेरोल्डने फोटो बघितला आणि त्याचा चेहरा बदलला.

"उघड्या हाताने लावू नकोस यांना. हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क. सगळ्याच जातींत नसतं, पण काहींत असं विष असतं की वाफ छातीत गेली तर माणूस दवाखान्यात जातो. घासायचं नाही. आणि गरम पाणी तर चुकूनही नाही. दगड पाण्याखालीच झाकणाच्या बादलीत घ्यायचा आणि टाकून द्यायचा."

"हेडाला सांगू?"

"म्हणजे? अजून सांगितलं नाहीस?"

आन्सगार घरी गेला आणि त्याने सांगितलं नाही. विष हा शब्द ऐकल्यावर हेडा टाकी दाराबाहेर नेऊन ठेवेल, हीच त्याला भीती. पुढच्या रविवारी आपणच गुपचूप तो दगड काढू, असं त्याने ठरवलं. पुढच्या रविवारी त्याला धीर झाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दगड हलला तर हिरवा प्रवाळ मोडेल, पाणी गढूळ होईल, काहीही होईल. जेवताना मात्र तो रोज कुरकुरायचा, "त्या बटणांनी माझा हिरवा गिळला बघ." हेडाच्या कानावर गेलं ते एवढंच.

फेब्रुवारीतला शनिवार होता. बाहेर बर्फाळ वारा, सगळ्या खिडक्या गच्च लावलेल्या. आन्सगार मंडळाच्या अदलाबदलीच्या बाजाराला ब्रेमेनला गेला होता. दोन वाजता तो परत आला तेव्हा हेडा सोफ्यावर दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत पडली होती.

"ताप भरलाय," ती म्हणाली. "बेकरीतून आणला असणार. सगळे खोकतायत तिथे."

"केव्हापासून?"

"तासभर झाला. तोंडात कसली तरी चव आहे रे. पत्रा चाटल्यासारखी."

तो तिला चहा करायला स्वयंपाकघरात गेला. खिडकीच्या काचेवर आतून पाणी ओघळत होतं. सिंकमध्ये भांडी घासायचा ब्रश होता, बाजूला रिकामी किटली, आणि सिंकच्या मधोमध तो दगड. घासून पांढरा केलेला. जाळीवर तपकिरी चोथा अडकला होता.

 श्वास घ्यायचा की नाही हेच त्याला कळेना. तो उलट्या पावली बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि दाराच्या फटीला टॉवेल कोंबला.

"दगड तू काढलास?"

"हो की." हेडाला खोकला आला, थांबेना. "तुला धीर होईना म्हणून. हात घातला, उचलला. बटणं घासून निघेनात, मग तीन किटल्या उकळतं पाणी ओतलं. कशी सुटली बघ. तुला खूश करावं म्हटलं."

"हेडा, ऊठ. आत्ता बाहेर चल."

"या थंडीत? वेड लागलं का?"

"ती बटणं विषारी आहेत."

ती मग हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं?"

त्याने तिचा कोट तिच्या अंगावर टाकला, तिला काखेत धरलं आणि जिन्यात नेलं. तीन पायऱ्या उतरल्यावर ती खाली बसली. तिला श्वास पुरत नव्हता. डोळे लाल झाले होते, ओठांचा रंग त्याला बघवेना. एकशेबारा हा आणीबाणीचा नंबर लावताना त्याची बोटं दोनदा चुकली. दात घडवणारी तीच बोटं. पलीकडच्या बाईने विचारलं, काय झालंय? प्रवाळाचं विष, तो म्हणाला. कशाचं? त्याला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तो रडत होता.

अग्निशमनवाले तोंडाला मुखवटे आणि पाठीला हवेचे सिलिंडर लावून आले, तेव्हा शेजारचे सगळे दारात आले होते. त्यांना खालच्या अंगणात काढलं. हेडाला गाडीत घालून मास्क लावला. आन्सगारला स्वतःलाही घशात खवखवत होतं, म्हणून दुसऱ्या गाडीत घातलं. गाडीचं दार लागताना एकाने विचारलं, "वर खोलीत एक टाकी चालू आहे. प्लग काढू का?"

"नको," आन्सगार पटकन म्हणाला. आणि आपल्या तोंडून हे निघालं याची त्याला अशी लाज वाटली की दवाखान्यापर्यंत त्याने मान वर केली नाही.

डॉक्टर ओझदेमिर म्हणून बाई होत्या, बारीक चणीच्या, झपाझप बोलणाऱ्या. त्यांनी विषबाधा केंद्राला फोन लावला, ऐकलं, लिहून घेतलं आणि आन्सगारकडे आल्या.

"यावर उतारा नाही. फुप्फुसांना सूज आली आहे. ऑक्सिजन देतोय, सुजेवर औषध देतोय, हृदयावर लक्ष ठेवतोय. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे."

"वाचेल ना?"

"तुम्ही दगड बघून लगेच ओळखलंत, हे बरं झालं. नाहीतर आम्ही फ्लू समजून घरी पाठवलं असतं. यापेक्षा जास्त आज सांगता येणार नाही."

तुम्ही लगेच ओळखलंत.  ओळखलं, कारण आधीपासून माहीत होतं.

एक रात्र ठेवून त्याला सोडलं. घरावर सील होतं, म्हणून तो गेरोल्डकडे राहिला. रविवारी हेडाचा ताप एकोणचाळीस अंश सेल्सिअसच्या खाली येईना. सोमवारी हृदयाच्या आलेखात काही तरी वेडंवाकडं दिसलं म्हणून तिला दुसऱ्या विभागात हलवलं, आणि आन्सगार कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत दाराकडे बघत बसून राहिला. दार उघडलं की उभा राहायचा. नर्स दुसऱ्याच खोलीत जायची, तो बसायचा. गेरोल्डने पावात सॉसेज घालून आणलं होतं, ते तसंच कागदात राहिलं.

"मी तुला सांगितलं होतं," गेरोल्ड एकदाच म्हणाला.  आन्सगारला वाटलं, यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी दुपारी ताप उतरला. बुधवारी तिला बोलता यायला लागलं. एका वाक्याला तीन श्वास लागत होते.

"किती दिवस माहीत होतं?"

"नोव्हेंबरपासून."

"तीन महिने."

"तू टाकी काढायला लावशील असं वाटलं."

"लावली असती," हेडा म्हणाली. "नाहीतर हातमोजे घातले असते. दोन्हींपैकी काहीतरी केलं असतं. तू मला विचारलंच नाहीस." तिने डोळे मिटले. "आता जा तू. उद्या ये."

घर स्वच्छ करून मिळायला आठवडा लागला. शेजारणीने पायपुसण्याशी उभं राहून विचारलं की आता हवा बरी आहे का, आणि उत्तर ऐकूनही ती उंबऱ्याच्या आत आली नाही. दिवाणखान्यातली टाकी चालूच होती. पाणी चार बोटं उतरलं होतं, मासे कोपऱ्यात होते, पण जिवंत होते. दगड उपटल्यावर हिरवा प्रवाळ आडवा पडून एका बाजूने सडला होता. शेजारच्या दगडावर आणखी अकरा बटणं निघाली. गेरोल्ड आणि तो, दोघांनी मास्क, चष्मे आणि कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले. दगड पाण्याखालीच बादलीत घेतला, झाकण दाबलं. तेवढ्या कामाला चाळीस मिनिटं लागली. संपलं तेव्हा आन्सगारचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, आणि संध्याकाळपर्यंत तो जीभ टाळूवर फिरवून पत्र्याची चव येते का हे बघत होता.

हेडा अकराव्या दिवशी घरी आली. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायला तिला चार ठिकाणी थांबावं लागलं. प्रत्येक थांब्यावर तो तिच्या मागे हात पुढे करून उभा होता, पण तिने त्याचा आधार घेतला नाही.

"टाकी गेरोल्ड नेणार आहे," तो दारात म्हणाला. "शनिवारी."

हेडा खुर्चीत टेकली, दम खाल्ला, टाकीकडे बघितलं.

"ते तुझ्या सोयीचं झालं," ती म्हणाली. "टाकी गेली की विषय संपला. पाहुण्यांना सांगायचं, पूर्वी एक टाकी होती. नाही. राहू दे ती इथेच."

"मला आता तिची भीती वाटते."

"मलाही वाटते. मग दोघांना मिळून वाटू दे." तिला खोकला आला, तो ओसरेपर्यंत ती थांबली. "आणि टाकी ठेवली म्हणजे मी माफ केलं असं समजू नकोस. ते मला अजून माहीत नाही. आधी एक कागद घे. या पाण्यात जे जे धोक्याचं आहे, चावणारं, टोचणारं, शॉक देणारं, सगळं लिही. एकही गाळायचं नाही."

त्याने लिहिलं. दोन पानं झाली. ती वाचत गेली आणि मध्येमध्ये विचारत गेली, "हे केव्हापासून माहीत आहे?" तो प्रत्येक वेळी महिना सांगत गेला. कागद तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. जाड हातमोज्यांच्या दोन जोड्या आणल्या, एक तिच्या मापाची.

उन्हाळ्यात ती बेकरीत परत गेली, अर्धा वेळ. भट्टीजवळ उभं राहणं जमेना, म्हणून तिला फक्त काउंटर दिला. किटली उकळायला लागली की ती अजूनही स्वयंपाकघरातून निघून जाते, आणि आन्सगार तोपर्यंत खिडकी उघडतो. सप्टेंबरच्या तपासणीत डॉक्टर ओझदेमिरांनी सांगितलं की फुप्फुसं पूर्वीच्या चार-पंचमांश भरतायत, कदाचित आणखी सुधारतील, कदाचित एवढ्यावरच राहतील. हेडा म्हणाली, "म्हणजे मॅरेथॉन रद्द." डॉक्टर हसल्या. आन्सगारला हसता आलं नाही.

दोनच दिवसांनी रविवारी तो पाणी बदलत होता. अचानक हात थांबवून टाकीत बघत राहिला. हेडा पेपर वाचत होती. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पाण्याकडे.

"हेडा."

"काय?"

"हीटरच्या काचेला तडा गेलाय असं वाटतंय. खात्री नाही. नुसती रेघही असेल."

हेडाने पेपर खाली ठेवला.

"हात बाहेर काढ," ती म्हणाली. "आधी प्लग काढते मी. मग दोघं मिळून बघू."